फक्त कार्यक्रमापुरतं

“मावशी, आज हात घालू नका,” ताई म्हणाली.

सभागृहामागच्या बोळात दोघी उभ्या होत्या. आत खुर्च्या सरकवल्याचा खरखराट चालला होता. कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारून बघत होतं. मावशींनी हात घातलेलाच होता. कोपराखाली चामड्याचं घट्ट आवरण, त्याला पट्टे, आणि पंजाच्या जागी लांबट, चपटा पोलादी चाप. कमरेवर दाबला की उघडायचा, सोडला की मिटायचा. आज तो नेहमीपेक्षा जास्तच लखलखत होता, पण ताईच्या ते लक्षात आलं नाही.

“आज?” मावशींनी विचारलं. “आजच?”

“फक्त कार्यक्रमापुरतं हो. काय गेलंय ते देणगीवाल्या पाहुण्यांना आधी दिसायला हवं. हात दिसला की त्यांना वाटतं, झालं की सगळं ठीक, आता आपली काय गरज! मग आपलं वर्कशॉप चालायचं कसं?”

“पण ताई, आज जरा...”

“काय?”

तेवढ्यात आतून ताईला हाक आली. ती “आले, आले” म्हणत दारापर्यंत जाऊन परत वळली, तोवर मावशींनी दातांनी पट्टा सोडवायला घेतला होता.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “घ्या, धरा.”

ताईनं तो हात आपल्या कापडी पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला.

बॉम्बस्फोटात जायबंदी झालेल्यांना पुन्हा आपल्या पायांवर उभं करणारं ते केंद्र होतं. ताई तिथं समुपदेशक. माणसांशी बोलायचं, त्यांना बोलतं करायचं, घरच्यांना समजवायचं, कामधंद्याला लावून द्यायचं, हे तिचं काम, आणि ती ते जीव ओतून करायची. मावशी तिच्यापेक्षा वयानं मोठ्या, तरी केंद्रातल्या सगळ्यांसारख्या तिला ताईच म्हणायच्या.

मावशी केस कापायच्या. एका पार्लरमध्ये खिडकीजवळची खुर्ची वर्षानुवर्षं त्यांचीच. स्फोटाच्या दिवशी कात्रीला धार लावून आणायला त्या खालच्या बाजारात उतरल्या होत्या. धारवाल्याशेजारच्या बाकाखाली कुणाची तरी बॅग होती. कुणाची, ते अजून कुणाला कळलेलं नाही. धारवाला गेला. मावशी वाचल्या, डावा हात कोपराखाली गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो “माझी कात्री कुठाय?” असा. तेव्हापासून सगळा वॉर्ड त्यांना कात्रीमावशी म्हणायला लागला.

बाई जात्याच थट्टेखोर. हात गेला म्हणून जीभ गेली नव्हती. नर्सनं “जरा लांब उभ्या राहा” म्हटलं, की त्या विचारायच्या, “किती? दोन हात म्हणू नका बाई, तेवढे नाहीत.” केंद्राच्या कृत्रिम हातपायांच्या वर्कशॉपमधल्या कारागीरकाकांनी चापाचा हात करून दिल्यापासून तर त्यांनी वॉर्डातलं एक डोकं सोडलं नव्हतं. आधी लाकडी डोक्यावरचा टोप, मग पाय गेलेले दोघे, मग शिपाई, शेवटी खुद्द कारागीरकाका. चापात बट पकडायची, ताणायची, उजव्या हातानं कात्री चालवायची. पहिल्यापहिल्यांदा उंदरानं कुरतडल्यासारखे केस व्हायचे. हळूहळू शिपायाची बायको विचारायला लागली, “कुठं कापून आलात?”

मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात ताईनं त्यांना पहिल्यांदा व्यासपीठावर उभं केलं होतं. मावशींनी माइक हातात घेतला आणि त्या म्हणाल्या, “केस कापणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सगळ्यांना सांगत सुटायची. आता मळही गेला आणि हातही.” सभागृह खो खो हसलं. पाहुणे हसत हसत चहा प्यायले, हसत हसत गाड्यांत बसले आणि गेले ते गेलेच. संचालक साहेब संध्याकाळी ताईला म्हणाले, “बाई छान आहेत हो तुमच्या. पण हसत घरी गेलेला माणूस पुन्हा आपल्याकडे वळून बघत नाही. वर्कशॉप चालवायचंय ना तुम्हाला?”

ताईला वर्कशॉप चालवायचंच होतं. कारागीरकाकांची नोकरी टांगणीला लागली होती, हातापायांसाठी माणसं ताटकळत होती. म्हणून यंदा ती आधीपासून मावशींच्या मागे लागली. थट्टा नको. ‘मला वाटलं मी संपले’ या वाक्यानंतर जरा थांबा. लेकीचं नाव घेताना समोर बघू नका, खाली बघा. आणि नुसतं सांगण्यापेक्षा करून दाखवा. ही शेवटची युक्ती तर तिला भर आंघोळीत सुचली होती आणि ती स्वतःवरच खूश झाली होती.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. “तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाल्या.

आणि त्यांनी तसंच केलं. व्यासपीठावर लाकडी डोकं ठेवलं होतं. मावशींनी उजव्या हातानं कंगवा घेऊन बट वर उचलली. कंगवा ठेवून कात्री घेतली, तोवर बट खाली पडली. पुन्हा कंगवा, पुन्हा बट, पुन्हा कात्री. पुन्हा पडली. डावी बाही कोपराखाली लोंबत होती. सभागृहात कुणी खोकेना. मग मावशी खाली बघून म्हणाल्या, “आता नाही होत.”

हे वाक्य ताईनं शिकवलेलं नव्हतं. काय बोलल्या, वा, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या रांगेत एक वयस्कर बाई पदरात तोंड खुपसून रडत होती, ती ताईनं संचालक साहेबांना डोळ्यांनीच दाखवली.

कार्यक्रम संपल्यावर तीच बाई व्यासपीठाशी आली आणि तिनं मावशींना मिठी मारली. पांढरे, मानेपर्यंत कापलेले केस, तालेवार चेहरा. “अगं, मला कुणी सांगितलंच नाही गं!” ती म्हणत होती. “मी आपली तुला बोलवून घ्यायच्या गोष्टी करत होते. किती जड गेलं असेल तुला ते ऐकताना! आता नाही हो बोलायची. तू आराम कर.”

बाईच्या खांद्यावरून मावशींनी एकदा ताईकडे पाहिलं. ताई खांद्याला पिशवी अडकवून तिथंच उभी होती. कुणी नात्यातली असेल, असं समजून ती गोड हसली.

पाहुण्यांनी यंदा सढळ हातानं दिलं. वर्कशॉप तरलं. संचालक साहेबांनी सगळ्यांसमोर ताईची पाठ थोपटली. कार्यक्रमाची फिल्म केंद्राच्या संकेतस्थळावर चढली आणि लोक ती एकमेकांना पाठवू लागले.

मावशी मात्र त्यानंतर सरावाला आल्या नाहीत. फोन केला तर “जरा बरं नाही” म्हणाल्या. ताईनं दोनतीनदा विचारलं, मग कामाच्या रगाड्यात राहून गेलं. पुढल्या आठवड्यात ती वर्कशॉपमध्ये कशाला तरी गेली, तेव्हा कारागीरकाका कानस बाजूला ठेवून म्हणाले, “काय हो ताई, मालकीण काय म्हणाली मग?”

“कुठली मालकीण?”

“कात्रीमावशींची. पार्लरवाली. कार्यक्रमाला आली होती ना? मावशींनी मुद्दाम बोलावलं होतं, हात बघायला. किती दिवस माझ्या डोक्याशी कटकट, चापाला पॉलिश करा, चाप वाजतो, त्याला तेल घाला. म्हणाल्या, एकदा डोळ्यांनी बघितलं की खुर्ची परत देते, असं बाई म्हणाल्यात. आदल्या दिवशी बसून आरशासारखा चकचकीत करून दिला मी.” काका हसले. “आवडला ना तिला?”

ताईनं काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं, ते तिला नंतर आठवेना. ती बाहेर पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली. ‘पण ताई, आज जरा...’ ते अर्धवट वाक्य आता पुरं होऊन कानात वाजत होतं. त्या बाईकडे बघून आपण हसलो होतो. गोड हसलो होतो. तिचे कान तापले, गाल तापले. चोरी पकडली गेली की लहान मुलाला जसं वाटतं, अगदी तसं. फक्त पकडणारं कुणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती मावशींच्या घरी गेली. दार मावशींनीच उघडलं. दोन खोल्यांचं घर, आतल्या खोलीत लेक अभ्यासाला बसलेली. टेबलावर एक घडी केलेला काळा अ‍ॅप्रन, त्यावर कात्र्यांचं चामडी पाकीट आणि फुलांचा सुकत चाललेला गुच्छ. पार्लरमधून घरपोच आलेलं सामान. ताईनं ते पाहिलं आणि तिला बसवेना.

“या मॅडम,” मावशी म्हणाल्या. “बसा ना.”

मॅडम. कानाखाली बसली असती तरी बरं वाटलं असतं.

“मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं? तुम्ही घाईत होतात.”

“एक शब्द बोलला असतात तरी...”

“मॅडम,” मावशी शांतपणे म्हणाल्या, “मला आंघोळ घालायला माणूस तुम्ही दिलंत. हात तुम्ही दिलात. लेकीच्या शाळेत जाऊन तुम्ही भांडलात. तुम्ही एक गोष्ट मागितली. तुम्हाला नाही म्हणायला मला तोंड कुठलं?”

ताईनं मान खाली घातली. आपण मागितली असंच तिला वाटत होतं. मागितलेलं समोरच्याला नाकारता येतं, आणि इथं तर मावशींना ते नाकारता येणारच नव्हतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतरांना ती अशाच गोष्टी समजावून सांगायची, आणि त्याचा तिला पगार मिळायचा.

“मी तुमचं नुकसान केलं,” ती म्हणाली. “मला माफ करा.”

“तुमचं वर्कशॉप राहिलं ना? मग झालं की.” मावशींच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ताईला धरायला काहीतरी मिळालं असतं. “माझ्या खुर्चीवर नवी पोरगी घेतलीय बाईंनी. गरजू आहे, हात चांगला आहे म्हणतात. तिचे दोन्ही चांगले असणार.”

एवढं बोलून त्या हसल्या, पण हसणं ओठांतच राहिलं. आतल्या खोलीत लेकीनं पुस्तक जोरात मिटल्याचा आवाज आला.

“मी बोलते तुमच्या बाईंशी. खरं ते सांगते.”

“नको,” मावशी चटकन म्हणाल्या. मग जरा थांबून, “म्हणजे, मी सांगू शकत नाही. मी त्यांच्यासमोर खोटं वागलेय. त्या रडल्यात माझ्यासाठी. मला तोंड दाखवायला जागा नाही. तुम्हाला जायचं तर तुम्ही जा.”

रस्त्यावर आल्यावर ताईच्या ध्यानात आलं, की ज्याची लाज आपल्याला वाटायला हवी ती या बाईच्या पदरात टाकून आपण निघालोय. खोटेपणा आपला आणि तोंड लपवतायत त्या.

दुसऱ्या दिवशी ती पार्लरमध्ये गेली. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक तरणी पोरगी कुणाचे तरी केस धूत होती. मालकीणबाई गल्ल्यावर बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. ताईला त्यांनी लगेच ओळखलं आणि उठून तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“तुमचं केंद्र म्हणजे देवमाणसांचं हो! ती फिल्म मी येणाऱ्या प्रत्येकीला दाखवते. एकजात सगळ्या रडतात.”

प्रत्येकीला, ताईच्या मनात आलं. म्हणजे मावशींची सगळी गिऱ्हाइकं.

“बाई, मला तुमच्याशी एकांतात बोलायचंय.”

मागच्या टॉवेलांच्या खोलीत उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. चापाचा हात, सराव, पॉलिश, बोळातलं बोलणं, पिशवी. मध्ये एकदा तिला ‘केंद्राची गरज होती’ असं म्हणावंसं वाटलं, आणि ती म्हणालीही. पण ते ऐकताना तिलाच इतकं पोकळ वाटलं, की वाक्य तिनं अर्ध्यावरच सोडलं.

मालकीणबाईंचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

“म्हणजे मी दोन दिवस जेवले नाही ते फुकट?”

“हो.”

“आणि तिचं सामान घरी पाठवताना मी त्यात फुलं घातली! फुलं!” त्यांनी हातातला टॉवेल घडीवर आपटला. “माणसाला काय वाटलं असेल ते बघून? तुम्ही शिकलेली माणसं, मन सांभाळायचं काम करता म्हणे!”

“माझंच चुकलं.”

“ते मला दिसतंय. आता मला सांगा, तेव्हा तुम्ही मला तिला येत नाही असं पटवलंत. आज येऊन सांगता, येतं. मी कशावरून खरं धरू? तुम्हाला उद्या आणखी काही हवं असेल.”

बाहेर पाण्याची तोटी बंद झाली, मग ड्रायर सुरू झाला.

“आणि ही पोरगी?” मालकीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “तिला मी शब्द दिलाय. तिला काढून टाकू? एकीचं पोट मारून दुसरीचं भरू?”

“नाही. तसं मी म्हणतच नाही.”

“मग काय म्हणता?”

“एकदा बघा. बस्स.”

मालकीणबाई बराच वेळ टॉवेलांच्या घड्या नीट करत राहिल्या. “सोमवारी बंद असतं,” शेवटी म्हणाल्या. “घेऊन या.”

मावशी आल्या, पण सहजासहजी नाही. लेकीनं त्यांना जवळजवळ ढकलतच आणलं. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मालकीणबाई आणि त्या एकमेकींकडे बघेनात. दोघींचीही मान खाली. शेवटी मालकीणबाई फटकळपणे म्हणाल्या, “आत ये. दारात उभी राहून माशा घेतेस आत.”

मावशींनी हात चढवला. पट्टे दातांनी आवळले.

“माझे कापा,” ताई खुर्चीकडे जात म्हणाली. तिनं हे आधीच ठरवलं होतं. बरं वाटणार होतं तिला त्यानं.

“तुम्ही बाजूला बसा,” मालकीणबाई म्हणाल्या. “टक्कल केलं तरी तुम्ही छान म्हणाल. असलं शरमिंदं गिऱ्हाईक काय कामाचं? मी बसते.” आणि स्वतःच गळ्याभोवती कापड गुंडाळून बसल्या.

ताई भिंतीशी स्टुलावर बसली. एवढं प्रायश्चित्तही आपल्या वाट्याला आलं नाही, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचीही तिला लाज वाटली.

मावशींनी केस ओले केले, विंचरले, भाग पाडले. चाप कमरेवर दाबला, उघडला, बट पकडली. पहिल्याच बटेला चाप निसटला. त्यांनी पुन्हा पकडली, ताणली, कात्री चालली. मागून सुरुवात, मग डावीकडून वर. काम सावकाश होतं. दोन हातांनी लागला असता त्याच्या दुप्पट वेळ लागला. मानेवर चाप टेकला तेव्हा मालकीणबाई “गार आहे गं मेलं!” म्हणून दचकल्या आणि मावशींच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “थांबा, उद्यापासून त्याला लोकरीचा मोजा घालते.”

मालकीणबाई आरशात बघून हसल्या. मग हसतानाच त्यांचे डोळे भरून आले, तशा त्या ओरडल्या, “हसवू नकोस मला! उजवीकडे बघ, लांब राहिलेत.”

उजवीकडे खरंच लांब राहिले होते. मावशींनी ते नीट केले.

खुर्ची काही परत मिळाली नाही. ती नव्या पोरीचीच राहिली. मालकीणबाईंनी आतल्या बाजूला, टॉवेलांच्या खोलीच्या दाराशी एक जुनी खुर्ची मांडली. आठवड्यातले काही दिवस, दुपारनंतर. तिथं खिडकी नाही, उजेड दिव्याचा. ‘बिचारी’ म्हणून डोळे पुसलेल्या बायकांना मावशींसमोर बसायला वेळ लागला. काही जणी कधीच बसल्या नाहीत. ताईनं संचालक साहेबांना सांगून फिल्म संकेतस्थळावरून काढून टाकायला लावली. ते म्हणाले, “आपली सगळ्यात चांगली फिल्म होती ती.” ती म्हणाली, “खोटी होती साहेब. मी केली होती.” पुढच्या कार्यक्रमाचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिलं. काढून टाकलेली फिल्म लोकांच्या फोनमध्ये फिरतच राहिली. ती परत घेणं कुणाच्याच हातात नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी ताई एकदा पार्लरमध्ये केस कापायला गेली. त्याआधी दोनदा ती कोपऱ्यावरूनच परत फिरली होती. मावशींनी आतून पाहिलं आणि कापड झटकलं.

“या मॅडम. किती कमी करू?”

“तुम्हाला बरं दिसेल तेवढे,” ताई म्हणाली.

“असं नाही चालत. डोकं तुमचं आहे. तुम्ही सांगायचं, मी कापायचे.”

ताईनं दोन बोटं दाखवली. मावशींनी मान हलवली, चाप कमरेवर दाबला आणि कामाला लागल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईशी त्या भाज्यांच्या भावावरून काहीतरी थट्टा करत होत्या, ती बाई खिदळत होती. ताई समोरच्या आरशात न बघता मांडीवर पडणारे केस बघत बसली. मावशींनी एकदा तिची हनुवटी कात्रीच्या मुठीनं हलकेच वर केली.

“मान वर,” त्या म्हणाल्या. “नाहीतर वाकडे कापले जातील.”